खंदक बुजवला, खंदक उकरला

नेदरलँड्समध्ये दोन वर्षं शिकून पुण्याला परत आल्यापासून एक वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय : "त्यांचं बरंय गं, ते लोक सायकलवरच जन्माला येतात. आपल्याकडे नाही जमायचं." हे म्हणणाऱ्यांत माझे मामा आहेत, ऑफिसातली मैत्रीण आहे. ज्यांनी उमेदीची तीस वर्षं कसब्यातून खडकीच्या कारखान्यापर्यंत रोज सायकल हाणली, ते शेजारचे आजोबाही आहेत.

या वाक्यात मोठी सोय आहे. एखाद्या गोष्टीला 'संस्कृती' म्हटलं की ती कोणी केली, कधी केली आणि त्यासाठी कोणाला भांडावं लागलं, हे विचारायची गरजच उरत नाही. म्हणून इथे एका रेल्वे स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांची गोष्ट सांगते. स्टेशन उट्रेख्तचं. हे त्या देशातलं सगळ्यात गजबजलेलं जंक्शन, आपल्या कल्याण-मनमाडसारखं चारी दिशांच्या गाड्या एकत्र आणणारं. आज जगभरचे नगररचनाकार तिथल्या सायकलींचे फोटो काढायला जातात. पण पन्नास वर्षांपूर्वी त्याच जागी शहराने सायकलवाल्याला जवळपास हद्दपार केलं होतं, तेही ठरवून, तज्ज्ञांना पैसे देऊन आणि मोठ्या समारंभाने.

वेशीबाहेरचं स्टेशन

उट्रेख्त हे जुनं गाव. ११२२ साली त्याला शहराची सनद मिळाली आणि त्यानंतर गावाभोवती तट आणि पाण्याने भरलेला खंदक आला. एकोणिसाव्या शतकात तटाचा उपयोग उरला नाही, तेव्हा तो पाडून तिथे बागा केल्या. खंदक मात्र राहिला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागाला काथरैनसिंगल म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच पाण्याभोवती फिरते.

१८४३ मध्ये ॲमस्टरडॅमहून रेल्वे आली. जुन्या शहरांत नेहमी होतं तसंच इथेही झालं. गावात रूळ टाकायला जागा नव्हती, त्यामुळे स्टेशन खंदकाच्या पलीकडे, वेशीबाहेर बांधलं. एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, मध्ये पाणी. स्टेशनाच्या पुढ्यात हळूहळू एक वस्ती उभी राहिली. उतारू गाडीतून उतरायचा, त्या गल्ल्यांतून चालत पुलावर यायचा आणि पूल ओलांडला की गावात.

पुढे सायकल आली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगार, कारकून, विद्यार्थी सगळे तिच्यावर बसले. यात डच रक्ताचा काही संबंध नव्हता. देश सपाट, अंतरं छोटी आणि सायकल स्वस्त. पुण्यालाही 'सायकलींचं शहर' हे नाव साधारण अशाच कारणांनी पडलं होतं. इथवर दोन्ही शहरांची गोष्ट बरीच सारखी आहे.

जर्मनीहून आलेला सल्लागार

१९५० मध्ये सगळ्या नेदरलँड्समध्ये मिळून दीड लाखसुद्धा मोटारी नव्हत्या. १९७० पर्यंत त्या वीस लाखांच्या पलीकडे गेल्या. तेराव्या शतकातल्या गल्ल्यांमध्ये या गाड्या मावणार कशा, हा प्रश्न प्रत्येक नगरपालिकेला पडला होता. उट्रेख्तने त्यावर उत्तर शोधायला माक्स फॉयख्टिंगर या जर्मन वाहतूकतज्ज्ञाला बोलावलं. १९५८ मध्ये त्यांनी सुचवलं, की खंदकाचा मोठा भाग बुजवा आणि त्या जागेवर शहराभोवती मोटारींचा वळसा रस्ता करा.

फॉयख्टिंगर यांना खलनायक ठरवण्यात मला रस नाही. त्या दशकात युरोपातल्या बहुतेक इंजिनियरांनी हेच सांगितलं असतं. खंदक म्हणजे त्यांच्या दृष्टीने आयती मोकळी जमीन. तिथे घरं पाडायला नकोत, भूसंपादन नको, आकारसुद्धा गोल. कागदावर पाहिलं तर युक्ती बिनतोड होती.

पण विरोध झाला. खंदक आणि त्याच्या काठच्या बागा हे शहराचं वैभव आहे, असं म्हणणारे लोक उभे राहिले. पूर्वेकडच्या भागाला स्मारकाचं संरक्षण मिळालं. मग कौपर नावाच्या दुसऱ्या नियोजनकारांनी सुधारित आराखडा दिला. त्यात पूर्वेचा खंदक राखायचा आणि स्टेशनाच्या बाजूचा बुजवायचा, असं ठरलं. याच सुमारास, १९६२ मध्ये, ब्रेडेरो या बांधकाम कंपनीने आपली भव्य योजना मांडली : स्टेशनासमोरची जुनी वस्ती पाडायची आणि तिथून थेट बाजारपेठेपर्यंत दुकानं, कचेऱ्या, वाहनतळ असं एकच प्रचंड संकुल उभारायचं. त्याचं नाव होख काथरैने, म्हणजे 'उंच काथरैने'.

नावातला 'उंच' शब्दश: घ्यायचा. चालणारी माणसं पहिल्या मजल्यावर, छताखाली, दुकानांमधून जाणार. मोटारी आणि बस खाली जमिनीवर धावणार. माणूस वर, यंत्र खाली, दोघांची कधी गाठच पडायची नाही. साठच्या दशकात ही कल्पना फार आधुनिक वाटत होती.

आता या चित्रात सायकलवाला कुठे बसवाल? वरच्या मजल्यावर दुकानांच्या काचांमधून तो जाऊ शकत नाही. खाली भरधाव मोटारींच्या रस्त्यावर त्याने जावं अशी कोणाची इच्छा नाही. सायकलबंदीची पाटी कोणीच लावली नाही. दोन मजल्यांच्या मध्ये तो नुसता गळून पडला. रस्त्यांच्या इतिहासात असं नेहमी घडताना दिसतं. ज्याला हटवायचं त्याच्याविरुद्ध ठराव करावाच लागत नाही, नकाशा काढताना त्याची रेघ काढायची राहून गेली की पुरतं.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून काथरैनसिंगल कोरडा करून बुजवण्यात आला आणि त्याच्या तळावर अनेक पदरी मोटाररस्ता झाला. स्टेशनाची वस्ती जमीनदोस्त झाली. 'दे उट्रेख्त' या विमा कंपनीची नक्षीदार जुनी इमारत शहरात अनेकांच्या लाडकी होती, तीही १९७४ मध्ये पाडली. आणि गंमत अशी, की मूळ वळसा रस्ता कधी पूर्ण झालाच नाही, कारण पूर्वेचा खंदक वाचला होता. उरला तो एक तुकडा. स्टेशन आणि गाव यांच्या मधोमध आडवा पडलेला आणि पुढे कुठेच धड न पोचणारा मोटाररस्ता.

एका शरद ऋतूतल्या दोन तारखा

होख काथरैनेचं उद्घाटन २४ सप्टेंबर १९७३ रोजी राजकन्या बेआट्रिक्स यांच्या हस्ते झालं. त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत तोच, ४ नोव्हेंबर १९७३ च्या रविवारी, नेदरलँड्सच्या रस्त्यांवर एकही खाजगी मोटार दिसली नाही. अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि सरकारने रविवारी गाडी चालवायला बंदी घातली होती. लोक हमरस्त्यांवर सायकली घेऊन, स्केट्स घालून, घोड्यावर बसून उतरले. स्वस्त पेट्रोल कायम मिळत राहील या भरवशावर जे उभं केलं होतं, त्याचा भरवसा पहिल्याच हिवाळ्यात डळमळला.

पण तेल हे अर्धंच कारण. दुसरं कारण सांगताना आजही तिथले वयस्कर लोक आवाज खाली आणतात. १९७१ या एका वर्षात त्या छोट्याशा देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी मोटारीखाली सापडली. १९७२ मध्ये त्यांनी 'दे तैद' या वर्तमानपत्रात संतापून लेख लिहिला. त्याच्या मथळ्याने पुढे चळवळीला नाव दिलं : 'स्टॉप दे किंडरमोर्ड'. म्हणजे, मुलांचे खून थांबवा.

'अपघात' हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला. आपल्याकडेही बातमीत 'भीषण अपघात' असंच येतं, जणू वीज पडावी तसा तो आभाळातून पडला. खून म्हटलं की करणारा कोण, हा प्रश्न आपोआप येतो. आणि इथे करणारा एखादा ड्रायव्हर नव्हता, रस्त्याची आखणीच तशी होती. मार्ट्ये फान प्युटन ही तरुण आई या चळवळीची पहिली अध्यक्ष झाली. लोकांनी अपघातांच्या जागी रस्ते अडवले, गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला सोडलं. १९७५ मध्ये सायकलवाल्यांची स्वतंत्र संघटनाही निघाली. आज ती फीत्सर्सबॉन्ड म्हणून ओळखली जाते आणि तिचं मुख्य कार्यालय उट्रेख्तमध्येच आहे.

सत्तरच्या दशकात सरकारने हेग आणि टिलबर्ग या शहरांत नमुन्यादाखल एकेक सुंदर सायकलरस्ता बांधला. त्या रस्त्यांवर सायकली वाढल्या, पण शहरभर फारसा फरक पडला नाही. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्ट शहराने एकच देखणा रस्ता करण्याऐवजी गावभर जाळं विणलं, तुटलेले दुवे जोडले. त्याचा उपयोग झाला. शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेत एक चौक जरी जीवघेणा असला, तरी आई मुलाला सायकल देत नाही. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच असते, हे त्यांना रस्ते बांधून कळलं.

नऊपट गाव

आता पुन्हा स्टेशनाकडे वळू. देशभर सायकल परत येत होती, तरी उट्रेख्तच्या स्टेशनापुढचा तो मोटाररस्ता तसाच होता. आणि तिथे एक नवाच पेच उभा राहिला.

थोडं गणित करू. समजा, घरापासून स्टेशनाला यायला माणूस बारा मिनिटं द्यायला तयार आहे. चालत तो एक किलोमीटर येईल. सायकलने आरामात तीन. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होतं. म्हणजे त्याच बारा मिनिटांत सायकलमुळे स्टेशनाच्या टप्प्यात नऊपट गाव येतं. रेल्वेला नवे रूळ टाकावे लागत नाहीत, बस लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. तिथे दर दहापैकी साधारण चार प्रवासी घरून स्टेशनाला सायकलने येतात, ते याचमुळे. लोकांनी गाडीऐवजी ट्रेन घ्यावी असं वाटत असेल, तर त्यांच्या सायकलीची सोय करणं रेल्वेच्याच फायद्याचं आहे.

पण नऊपट गावाच्या सायकली ठेवायच्या कुठे? स्टेशनाभोवती कठडे, दिव्याचे खांब, झाडं, जिथे साखळी अडकवता येईल तिथे सायकली लटकू लागल्या. एकावर एक असे ढीग साचले. चालणाऱ्यांना वाट नाही, अंधांच्या काठीला जमीन सापडत नाही, आणि संध्याकाळी आपली सायकल शोधणं म्हणजे जत्रेत चप्पल शोधणं. त्यात स्टेशनावर येणाऱ्या वाटाच तुटलेल्या. सायकलवाल्याला मोटाररस्त्याच्या कडेने, भुयारातून, वळसे घेत यावं लागे.

नव्वदच्या दशकात सगळा भाग सुधारायचा एक अवाढव्य आराखडा निघाला आणि फसला. तेव्हा नगरपालिकेने लोकांनाच विचारायचं ठरवलं. १५ मे २००२ रोजी, संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी, उट्रेख्तच्या नागरिकांनी स्टेशन परिसराच्या दोन आराखड्यांमधून एक निवडला. बहुमत मिळालं ते जास्त मोकळ्या, ऐसपैस आराखड्याला. त्यात मोटाररस्ता काढून काथरैनसिंगलमध्ये पुन्हा पाणी सोडण्याचं वचन होतं.

मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडली, असं झालं नाही. वर्षानुवर्षं नकाशे, करार, पैशांच्या वाटाघाटी चालल्या. २०१५ मध्ये उत्तरेकडच्या तुकड्यात पाणी आलं. शेवटचा तुकडा १२ सप्टेंबर २०२० रोजी खुला झाला. ज्या खोलगट जागेतून काल-परवापर्यंत मोटारी धावत होत्या, तिथून नावा जाऊ लागल्या. रस्ता खणून खंदक परत केल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

न उतरता आत

मी तिथे पोचले तेव्हा हे सगळं तयार होतं. रोजच्या वापरात मला जे कळलं ते फोटोंत दिसत नाही, म्हणून सांगते.

स्टेशनापुढच्या चौकाखाली सायकलींचा तीन मजली तळ आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याचा पहिला भाग उघडला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो पुरा झाला. तिथे साडेबारा हजार सायकली मावतात. जगातला सगळ्यात मोठा सायकलतळ म्हणून तो गाजला. पण खरी करामत आकड्यात नाही. रस्त्यावरची सायकलवाट थेट इमारतीत शिरते आणि तुम्ही न उतरता, पायडल मारत, हलक्या उतारावरून आत जाता. कुठल्या रांगेत जागा शिल्लक आहे ते पाटीवर आकड्यांत दिसतं. रांगेशी आल्यावरच उतरायचं, दुमजली कठड्यात सायकल लावायची आणि जिन्याने वर स्टेशनात जायचं. पहिले चोवीस तास फुकट. रखवालदार असतो, पंक्चर काढून मिळतं, रात्री लख्ख उजेड असतो. रात्री अकराच्या गाडीने एकटी परतणाऱ्या मुलीला त्या उजेडाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

बाहेरच्या वाटाही तशाच जोडल्या आहेत. स्टेशन आणि बाजारपेठ यांच्यामधल्या फ्रेडेनबुर्ख चौकातून दिवसाला तीस हजारांच्या आसपास सायकली जातात. मोटारीसाठी तिथून सरळ वाट नाही. बस आहे, चालणारे आहेत, सायकली आहेत. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, हे ज्याने एकदा मोजलं त्याला स्टेशनापुढची जमीन कोणाला द्यायची याचा फार विचार करावा लागत नाही.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. गर्दीच्या वेळी त्या सायकलींच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसांची त्रेधा उडते. मंगळवारी सकाळी उशीर झाला की मला सगळ्यात खालच्या मजल्यापर्यंत जावं लागायचं आणि गाडी चुकायची. होख काथरैने अजून आहे, चकचकीत होऊन आणखी ऐटीत उभं आहे. पाणी परत आलं, पण स्टेशनासमोरची जुनी वस्ती आली नाही, 'दे उट्रेख्त'ची इमारत आली नाही. ज्यांची घरं गेली त्यांना कोणत्याही जनमताने ती परत दिली नाहीत. चुकीच्या आराखड्यातला काही भाग उकरून काढता येतो. बाकीचा कायमचा जातो.

आपल्याकडे पुण्यातही आराखडा आहे. २०१७ मध्ये महानगरपालिकेने सायकलींसाठी सविस्तर योजना केली. कागदावर आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं आहे. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यांवर आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. तेव्हाही लोक म्हणाले, बघा, आपल्याकडे नाही जमत. पण उट्रेख्तचा इतिहास वाचल्यावर मला वेगळेच प्रश्न पडतात. त्या सायकली घेऊन माणूस जाणार होता कुठे? स्टेशनापर्यंतची वाट जोडलेली होती का? मधला एक चौक जीवघेणा होता का? आणि स्टेशनाच्या दारात पोचल्यावर सायकल ठेवायला उजेडातली जागा होती का? हे प्रश्न संस्कृतीचे नाहीत. ते डांबराचे, उताराचे, कठड्यांचे आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचे आहेत. म्हणूनच ते विचारता येतात, त्यांची उत्तरं मागता येतात.

१९६२ च्या योजनेपासून १९७३ च्या फीत कापण्यापर्यंत अकरा वर्षं गेली. तेवढ्यात उट्रेख्तने स्टेशनापुढचं पाणी, वस्ती आणि सायकलवाट घालवली. ते पाणी परत आणायला त्यापुढे सत्तेचाळीस वर्षं लागली. २००२ मध्ये ज्या मुलांनी अठराव्या वर्षी पहिल्यांदा मत दिलं, ती काथरैनसिंगल पूर्ण वाहता झाला तेव्हा छत्तीस वर्षांची होती. त्यांच्यातल्या काही जणांची मुलं आज त्या काठावरून शाळेत जात असतील. ती मुलंही मोठी होऊन म्हणतील, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.